आपांनी लावलेलं टपाल

ही गोष्ट एका माणसाचं नाव न घेता सांगावी लागणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. आम्हा किर्गिझ लोकांत सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं. बिश्केकमधल्या पोरी खुशाल काढतात, त्यांचं त्यांना लखलाभ. मी इथे डोंगरात, आत-बाशी गावात राहते, माझी सासू सेयिल्कान आपा एका हाताच्या अंतरावर बसलेली असते, त्यामुळे मी काढत नाही. त्या माणसाला मी मोठे सासरे म्हणते. माझ्या सासऱ्यांचे ते थोरले भाऊ. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मोठे सासरे बिश्केकला राहतात, आणि आमच्या अंगणातली ती लांबडी शेड, जिच्यात आपांचा कारखाना चालतो, ती जागा वडिलोपार्जित असल्यामुळे त्यांच्या नावावर आहे.

कारखाना म्हणजे काही धूर-बिर नाही. शेगडीभोवती आठ-नऊ बायका बसतात आणि शिर्दाक, म्हणजे लोकरीचे गालिचे, शिवतात. थापलेल्या लोकरीचे दोन रंग एकावर एक ठेवायचे, नक्षी एकदमच कापायची, मग लालातलं निळ्यात आणि निळ्यातलं लालात बसवून टाके घालायचे. आपा हे लग्न होऊन आल्यापासून करतायत. गालिचे अल्माटीला जातात, तुर्कस्तानला जातात, एक तर नॉर्वेला गेला. आणि हे सगळं जमतं ते ईमेलवर. कारण आमच्या डोंगरापलीकडून गालिचा बघायला इथवर कोण मरायला येतंय?

घोडं अडलं ते तिथेच. आपांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय. आणि ज्या साइटवर त्यांचं ईमेल होतं, ती दर दोन-चार महिन्यांनी आपलं रूप बदलायची. आज डावीकडे असलेलं बटण उद्या वर. अक्षरं मुंगीएवढी, बाजूला कुणी बाई केस गळायचं थांबवून देते म्हणून नाचतेय. त्यात आमच्याकडे वारा सुटला की नेट जातं, आणि आत-बाशीत वारा कधी सुटत नाही ते मला सांगा. अर्धं पान उघडायचं, अर्धं नाही. आपा एक पत्र उघडायला जायच्या आणि भलतंच उघडायचं, ते वाचलेलं म्हणून फिकं व्हायचं, आणि फिकं झालं की त्यांना दिसायचंच नाही.

अल्माटीच्या दुकानातल्या बाईने तीनदा लिहिलं. उत्तर नाही. तिने कुठूनतरी जुना फोन नंबर शोधला, तो निघाला मोठ्या सासऱ्यांचा.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. आपांना नीट ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मी आणि शेडमधल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं.

"सेयिल्कान, पुरे झालं आता," ते म्हणाले. पूर्वी ते जिल्ह्याचे मोठे अधिकारी होते, बोलतात अजून तसेच. "लोक मला फोन करायला लागले. तुला तुझी पत्रंसुद्धा दिसत नाहीत. मार्चात नोरुझच्या सणाला मी येतोय. कारखाना बंद करू, शेड टायरवाल्याला देऊ, तो मागेच लागलाय. तू इकडे ये. माझ्या बायकोला सोबत होईल, दोघी टीव्ही बघा."

"भावजी, पत्रं मी बघते," आपा म्हणाल्या.

"तू बघतेस की सून बघते?"

"मी."

"मग तूच मला एक लिहून पाठव. तुझ्या हाताने. सुनेला लिहायला लावून खाली तुझं नाव टाकाल, तर मला ते कळेल. चाळीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचलेत." आणि फोन ठेवला.

आपांनी सुई उचलली, धागा ओवायला गेल्या, जमेना, शेवटी शेजारच्या बाईकडे दिली. मला नुसतं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आपा बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर, दुसऱ्याच्या सोफ्यावर, टीव्हीसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडू आलं की राग येतो, म्हणून मी शेगडीत कोळसा असा काही आपटला की सगळ्या दचकल्या.

"तू माझं नाव घालून लिही, नाहीतर नको लिहू," आपा मला म्हणाल्या, "मी तसं पाठवणार नाही. खोटं बोलायचं असतं तर मी कधीच सुखी झाले असते."

मी सकाळी शाळेच्या ऑफिसात असते. रजिस्टरं, पगारपत्रकं, कॉम्प्युटर. म्हणून सगळ्या गल्लीला वाटतं की उम्सुनायला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. येत काही नाही, पण चिडले की मी वस्तूचा पिच्छा सोडत नाही, आणि त्या दिवशी मी चिडलेली होते. मला माहीत होतं की साइटवर न जाता आपल्याच मशीनमध्ये, म्हणजे घरच्या लॅपटॉपमध्ये, ठेवायचे ईमेलचे प्रोग्रॅम असतात. नेट असेल तेव्हा पत्रं खाली उतरवून घ्यायची, मग वारा सुटू दे नाहीतर वीज जाऊ दे, पत्रं घरात असतात. आणि फुकट मिळतात. मी शाळेच्या नेटवरून तीन प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर उतरवून आणले.

माझा नवरा एर्मेक नारिनच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो. तो म्हणाला, "तीन कशाला? एक आण आणि वापर."

"तू तुझी गाडी घेताना किती बघितल्यास?" मी म्हटलं.

"अकरा."

"मग गप जेव."

पहिला प्रोग्रॅम उघडला आणि आपा मागे सरकल्या. डावीकडे कॅलेंडर, उजवीकडे गप्पांची खिडकी, वर हवामान, खाली कामांची यादी, मधे कुठेतरी बोटभर जागेत पत्रं. "हे टपाल आहे की ओश बाजार?" त्या म्हणाल्या. "इथे माझा हात सोडू नकोस, मी हरवेन." तो काढून टाकला.

दुसरा दिसायला देखणा. मला तर फार आवडला, पांढराशुभ्र, गोल कोपऱ्यांचा, एखाद्या हॉटेलातल्या चादरीसारखा. पण दहा-दहा मिनिटांनी मधोमध एक चौकोन यायचा, पैसे भरून मोठा प्रोग्रॅम घ्या म्हणून. आपांनी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी चष्मा काढला. "फुकट म्हणाला ना हा? मग सारखा दारात येऊन उभा का राहतो? असल्या पाहुण्याला मी भाकरी देऊन वाटेला लावते." त्यालाही वाटेला लावला.

तिसरा प्रोग्रॅम बघून माझाच जीव दडपला. राखाडी, चौकोनी, जुन्या काळच्या सरकारी ऑफिसासारखा. पण सेटिंग्जमध्ये शिरले आणि बघते तर काय, त्यातली प्रत्येक वस्तू हलवता येत होती. बटण नको असेल तर काढा. रकाना नको असेल तर काढा. अक्षर हवं तेवढं मोठं करा. रंग बदला, कप्प्यांची नावं बदला, कोणतं पत्र कुठल्या कप्प्यात आपोआप जाईल ते नियम स्वतः लिहा. ज्या लोकांनी तो बनवला त्यांना बहुतेक माझ्या सासूसारखीच कुणीतरी सासू असणार.

"आपा, हा नुसता थापलेल्या लोकरीचा कोरा नमदा आहे," मी म्हटलं. "नक्षी तुम्ही कापायची."

हे त्यांना बरोबर समजलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

त्यानंतरचा आठवडाभर आमच्या दोघींची जी भांडणं झाली, ती एर्मेक अजून गाडीतल्या प्रवाशांना सांगतो. अक्षरं मोठी करण्यावर वाद नव्हता. एका पडद्यावर सहा पत्रं मावतील एवढी केली. पुढे बटणं. उत्तर द्या, नवीन लिहा, छापा, एवढी ठेवली. पत्र पुसायच्या बटणावर आल्यावर आपांनी माझा हात धरला.

"हे कशाला?"

"नको असलेलं पत्र टाकून द्यायला."

"दारात आलेल्याला पुसून टाकायचं?"

"आपा, ते पत्र आहे, माणूस नाही."

"लिहिलं कुणी मग? बकरीने?"

काढलं ते बटण. मग क्रम. सगळ्या जगात नवीन पत्र वर असतं. आपा म्हणाल्या, जुनं वर पाहिजे. मी म्हटलं, असं कुणी करत नाही. त्या म्हणाल्या, जो आधी आला तो थंडीत जास्त वेळ उभा आहे, त्याला आधी आत घ्यायला नको? मी म्हटलं, मग रोज सगळ्यांत वर त्या मागच्या वर्षीच्या जाहिराती दिसतील, केस गळणं आणि सुट्टीत दुबई. त्यांनी चष्मा पुसला.

"ते पाहुणे नाहीत," त्या म्हणाल्या. "ते बाजारात ओरडणारे. त्यांची वेगळी सोय कर."

मी एक कप्पा केला, त्याला नाव दिलं 'बाजार', आणि नियम लिहिले: अमुक शब्द आला, तमुक पत्त्यावरून आलं, की सरळ बाजारात. पहिल्या फटक्यात चारशेच्या वर पत्रं तिकडे पळाली. आपा ते बघून एवढ्या खूश झाल्या की त्यांनी मला स्वतःच्या हाताने लोणी लावून बोरसोक दिले. पिठाचे ते तळलेले गोळे मी एरवी नको म्हणते, त्या दिवशी पाच खाल्ले.

बाकीच्या कप्प्यांची नावं त्यांनीच ठरवली. आलेली पत्रं 'दाराशी'. ज्यांना थोडक्यात उत्तर गेलं पण काम व्हायचंय ती 'चहा घेतायत'. गालिचा पोचला, हिशेब मिटला, की 'जेवून गेले'. आमच्याकडे दारात आलेला माणूस भाकरीचा तुकडा तोंडात न घालता परत गेला तर घराला कमीपणा येतो. तशी आपांनी एक तयार भाकरीही करून ठेवायला लावली. चार ओळींचं एक उत्तर: तुमचं पत्र पोचलं, आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, सविस्तर लिहितो. ते एका बटणावर बसवलं. पत्र आलं की आधी भाकरी, मग बाकीचं.

रंगाचं तर विचारूच नका. उत्तर न दिलेलं लाल, दिलेलं निळं. मी म्हटलं, हिरवं करू या, डोळ्यांना बरं. त्या म्हणाल्या, लालाबरोबर निळंच कापतात. झालं.

पण खरं सांगते, आठवड्याच्या शेवटी ते मशीन माझ्या ओळखीचं राहिलं नव्हतं. आणि आपांच्या ओळखीचं झालं होतं. त्या सकाळी चहा घेऊन बसायच्या, वरचं लाल पत्र उघडायच्या, एक बोट हवेत धरून अक्षर शोधायच्या, ठक्, मग दुसरं. अल्माटीच्या बाईला त्यांनी आधी भाकरी दिली, मग माफी मागितली, मग मापं विचारली, हे सगळं एकट्याने. तिचं उत्तर आलं, दोन मोठे गालिचे हवेत म्हणून, तेव्हा वारा सुटून नेट गेलेलं होतं. पण पत्र आधीच खाली उतरलं होतं. आपांनी ते शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. बायकांनी सुया खाली ठेवल्या आणि ऐकलं. मला एवढं समाधान कधी पगाराच्या दिवशीही झालेलं नाही.

राहिलं ते मोठ्या सासऱ्यांचं पत्र.

मी आदल्या दिवशी पत्त्यांची वही भरायला घेतली होती. प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला पत्ता. म्हणजे आपांना पत्ता पाठ करायला नको, नावाची दोन अक्षरं टाकली की बाकीचं तो स्वतः भरतो. अल्माटीची बाई, नारिनचा लोकरवाला, बिश्केकची एजन्सी, सगळे भरले. मोठ्या सासऱ्यांचा पत्ता टाकला आणि नावाच्या चौकोनाशी थांबले. आता मी ते नाव टाइप करू? लिहिणं म्हणजे घेणंच की. त्यात आपा शेजारी बसलेल्या.

"तुम्हीच घाला, आपा," मी म्हटलं. "माझं दूध उतू जातंय."

दूध खरंच उतू जात होतं. मी परत आले तेव्हा त्यांनी चौकोन भरून खिडकी बंद केली होती, आणि मला त्यात बघावंसंही वाटलं नाही. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला नाव घेता येत नाही, तर त्यांना तरी कुठे येतं? ते त्यांचे थोरले दीर. पण नाही सुचलं, काय करता.

दुसऱ्या दिवशी आपांनी पत्र लिहिलं. मी मुद्दाम अंगणात गेले, बर्फ झाडत बसले, म्हणजे माझा हात लागला असं कुणी म्हणायला नको. बराच वेळ गेला. मग आतून हाक आली, "गेलं."

मी आत येऊन 'पाठवलेली' कप्पा उघडला, सवयीने, गेलं की अडकलं ते बघायला. पत्र छान होतं. भावजी, सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. अल्माटीच्या दोन गालिच्यांची शिवण चालू आहे. गाय व्याली, कालवड झाली. हे मी लिहिलं आहे. सेयिल्कान.

आणि वर, जिथे कुणाला पाठवलं ते लिहिलेलं असतं, तिथे मोठ्या ठळक अक्षरात होतं: ओढ्यात पडलेले भावजी.

मी कपाळाला हात लावला. "आपा, हे काय?"

"कुठे काय?"

"हे. ओढ्यात पडलेले."

आपा लाजल्या. पासष्टीच्या बाईला मी तोवर लाजताना पाहिलं नव्हतं. "मी मनात त्यांना तेच म्हणते," त्या म्हणाल्या. "नाव घ्यायचं नाही, मग काहीतरी म्हणावं लागतंच ना. माझ्या मशीनमध्ये माझी खूण."

"आपा, ही खूण पत्राबरोबर जाते."

"कुठे जाते?"

"त्यांच्याकडे. त्यांच्या पडद्यावर. पत्र उघडलं की पहिलं तेच दिसणार."

त्यांना ते खरंच वाटेना. "माझ्या घरात मी कुणाला काय म्हणते ते त्यांच्या घरात कसं दिसेल?" त्यांनी दोनदा विचारलं. मग त्या हळूच खुर्चीवर बसल्या. "परत बोलाव ते पत्र."

"परत येत नाही, आपा."

"एवढं सगळं हलवता येतं यात, आणि हेच नाही?"

नाही, हेच नाही. मी स्वतःवर चिडले, प्रोग्रॅमवर चिडले, आणि संध्याकाळी एर्मेकने गाडीतून उतरून ते ऐकलं आणि दाराच्या चौकटीला धरून हसत सुटला, तेव्हा त्याच्यावर सगळ्यांत जास्त. ज्या माणसाला सगळा जिल्हा उभं राहून सलाम करायचा, ज्याच्या नावावर ही शेड, त्याला आम्ही लिहिलं: ओढ्यात पडलेले. टायरवाल्याने आता बाजारातून कुलूप आणायला हरकत नव्हती.

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. आपा रोज सकाळी 'दाराशी' कप्प्यात बघायच्या. इतरांची पत्रं यायची, त्या भाकरी द्यायच्या, चहा द्यायच्या, काम तसूभर थांबलं नाही. पण बोलायच्या कमी. एकदा मी बघितलं, त्या शेडमधल्या भिंतीवरच्या नक्षीच्या जुन्या कागदांवरून हात फिरवत होत्या. मी तिथून निघून गेले, कारण थांबले असते तर हुंदकाच फुटला असता.

मोठे सासरे नोरुझच्या आधीच आले. दुपारी अंगणात गाडी थांबली, आणि ते उतरले, लोकरीचा ओव्हरकोट, टोपी, काठी. एर्मेक पुढे धावला. मी डोकं झाकून तीनदा वाकून सलाम केला. त्यांनी आशीर्वाद पुटपुटला आणि सरळ शेडमध्ये शिरले. बायका उभ्या राहिल्या. आपा शेगडीपाशी उभ्या होत्या, हातात सुई तशीच.

त्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. चहा आला. त्यांनी भाकरी तोडली, तुकडा खाल्ला, चहा प्यायले. एक वाटी, दुसरी वाटी. मी शेवटी मशीन उचलून आणलं, कारण मला आणखी थांबवेना.

"बाबा, आपांनी स्वतः लावलंय सगळं," मी म्हटलं. "उघडून दाखवतात त्या. हवं तर तुम्ही एक पत्र पाठवा, त्या तुमच्यासमोर..."

"ठेव ते," ते म्हणाले. "बघायचं नाही मला."

झालं, मी मनात म्हटलं. संपलं.

"टायरवाल्याला मी नाही म्हणून कळवलंय," ते म्हणाले. "पत्र आलं त्याच दिवशी."

आपांनी मान वर केली. मी तर आ वासून बघतच राहिले, आणि मोठ्यांसमोर बोलायचं नसतं हे विसरून विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं की त्यांनीच लिहिलं?"

ते माझ्याकडे बघेनात. ते आपांकडे बघत होते.

"उम्सुनाय," ते म्हणाले, "तुझ्या सासूला या घरी आणलं तेव्हा वऱ्हाडाच्या पुढे मी होतो. नवा सूट, टाय, अंगाखाली वडिलांचा घोडा. हिला गाडीतून आणत होतो. गावाच्या अलीकडे मी ऐट दाखवायला घोडा ओढ्यावरून उडवायला गेलो. घोडा गेला पलीकडे. मी ओढ्यात. बाकी वऱ्हाड मागे वळणावर होतं, त्यातल्या कुणी बघितलं नाही. गाडीच्या खिडकीला पडदा होता, तो एवढासा बाजूला झालेला, आणि आतून एक डोळा बघत होता." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मी असं तोंडावर बोट ठेवलं. सांगू नकोस म्हणून. गावात सगळ्यांना सांगितलं की घोड्याला पाणी पाजताना भिजलो. वडिलांनाही तेच सांगितलं. माझ्या बायकोलाही."

एका कोपऱ्यातून कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसली. मग दुसरी.

"मी कुणाला सांगितलं नाही, भावजी," आपा म्हणाल्या. "तुमच्या भावालाही नाही. देवाशपथ. ते मशीनने सांगितलं."

"माहीत आहे. सांगितलं असतंस तर एवढ्या वर्षांत कुठूनतरी माझ्या कानावर आलंच असतं. म्हणून तर पत्र उघडलं आणि मला कळलं की हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं असूच शकत नाही. सुनेने लिहिलं असतं तर वर नुसता माझा हुद्दा असता." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "आठ-दहा दिवस मी रोज ते पत्र उघडतोय. उत्तर काय लिहू ते सुचेना, म्हणून आलो."

"मी बदलते ते," आपा घाईने म्हणाल्या. "उम्सुनाय, तो चौकोन उघड. मी आत्ता बदलते."

"नको," मोठे सासरे म्हणाले. "राहू दे तसंच. मला ओढ्यात पडताना बघितलेलं आता दुसरं कुणी जिवंत नाही, सेयिल्कान. घोडा नाही, गाडी चालवणारा नाही. आणि मला तरुणपणी बघितलेला माझा भाऊही नाही. बाकी सगळ्यांना मी म्हातारा आणि साहेबच माहीत आहे. तू लिही मला तसंच. दर आठवड्याला लिही."

आपांनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. मीही पुसले, उघडउघड, कशाला लपवू. एर्मेक पाहुण्यांसाठी कापायची मेंढी बघायला म्हणून बाहेर गेला, तोही नाक ओढतच गेला.

मग आपा उठल्या, मशीन स्वतःकडे ओढून घेतलं, आणि त्यांना दाखवू लागल्या. हे दाराशी, भावजी. हे चहा घेतायत. हे जेवून गेले. ते चष्मा चढवून पुढे वाकले आणि विचारलं, "मी कुठल्या कप्प्यात आहे?"

आपांनी सगळे कप्पे खालपासून वरपर्यंत बघितले. त्यांचं पत्र कधी आलंच नव्हतं, त्यामुळे ते कुठेच नव्हते.

"तुम्ही आधी लिहा तर खरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी खिशातून फोन काढला, टोपी मागे सारली, आणि तिथेच शेगडीजवळ बसून लिहायला लागले, एक बोट हवेत धरून, आपांसारखंच.